कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहरात खरी कॉर्नर या नावाने ओळखला जाणारा एक चौक आहे. तेथे एक स्तंभ उभा आहे. गावोगावी राजांचे पुतळे असतात, वीरांची स्मारके असतात, संतांच्या समाध्या असतात. परंतु हा स्तंभ उभारला आहे तो एका यंत्राच्या स्मरणार्थ. कोल्हापूरकर त्याला कॅमेरा मानस्तंभ म्हणतात. ज्या काळी चलच्चित्रे टिपणारे यंत्र विलायतेहून आणावे लागे, त्या काळी या शहरातील मोजक्या कारागिरांनी ते आपल्या हातांनी घडविले. त्या कारागिरांचे अग्रणी होते बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. घराणे कारागिरांचे होते. लाकूड कसे तासावे, धातूला आकार कसा द्यावा, हे त्या घरातील मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नसे. ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत असे. बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेत जाऊन शिक्षण घेतले नाही. चित्रकला आणि मूर्तिकला या दोन्ही कला त्यांनी निरीक्षणाने आणि अखंड सरावाने आत्मसात केल्या. माणसाच्या चेहऱ्यावरील छायाप्रकाश, वस्त्रांच्या चुण्या, दूरच्या वस्तूंचे लहान होत जाणारे आकार या साऱ्यांकडे ते बारकाईने पाहत आणि पाहिलेले हुबेहूब कागदावर उतरवीत.

नात्याने त्यांचे भाऊ असलेले आनंदराव हेही तसेच कुशल चित्रकार होते. दोघांची मने जुळली होती. त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांना मोठा बहर आला होता. कोल्हापूरचे अधिपती छत्रपती शाहू महाराज कलावंतांचे चाहते व आश्रयदाते होते. त्यामुळे गवई, नट, मल्ल, चित्रकार अशा सर्वांनाच त्या नगरीत मान होता. नाटकातील प्रसंग राजवाड्यात घडो की अरण्यात, त्याचे दृश्य एका मोठ्या कापडी पडद्यावर रंगविलेले असे. असे पडदे रंगविण्यात आनंदराव व बाबूराव यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मराठी नाटक मंडळ्या त्यांच्याकडून पडदे करून घेत आणि गुजराती व पारशी नाटक कंपन्याही त्यांच्या कामाची मागणी करीत. सपाट कापडावर ते अशा खुबीने रंग भरीत, की प्रेक्षकांना त्यात खोली भासे. या कामामुळेच मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हे नाव दोघांनाही कायमचे चिकटले.

१९१३ साली मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रकाशित झाला. पडद्यावरची चित्रे चालू लागली, वळू लागली, हसू लागली! हा चमत्कार पाहून सारे लोक थक्क झाले. आनंदराव आणि बाबूराव हेही थक्क झाले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आजवर आपण रंगविलेली चित्रे जागच्या जागी स्थिर राहिली, या चित्रांना मात्र प्राण कोठून आला, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आपणही असे चित्र निर्माण करावे, असे दोघांनी ठरविले.

मार्ग मात्र सोपा नव्हता. चित्रपट काढण्यासाठी प्रथम कॅमेरा हवा. फाळके यांनी स्वतः इंग्लंडला जाऊन तो आणला होता. कोल्हापूरच्या या दोन चित्रकारांपाशी तेवढा पैसा नव्हता. पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशी यंत्रे मिळणे अधिकच दुरापास्त झाले. विकत घेता येत नाही, तर आपणच का घडवू नये, असा त्यांनी विचार केला. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यातून चार पैसे मिळत आणि चित्रे पडद्यावर टाकणारे प्रक्षेपक यंत्रही रोज हाताळावयास मिळे. प्रक्षेपक आणि कॅमेरा ही दोन यंत्रे एकाच जातीची. एक चित्र दाखविते, दुसरे ते टिपते. एकाच्या पोटात काय आहे हे नीट कळले, तर दुसऱ्याची रचना पुष्कळशी उलगडते.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी त्या यंत्राचे अंतरंग थोडे पाहिले पाहिजे. चित्रपटाची फिल्म म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची एक लांबच लांब पट्टी. तिच्या दोन्ही कडांना ओळीने छिद्रे असतात. चित्रे हलताना दिसतात, हा खरे पाहता आपल्या दृष्टीला होणारा भास आहे. पट्टीवर एकापुढे एक अशी पुष्कळ स्थिर चित्रे असतात. प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा किंचित वेगळे असते. ती झपाट्याने डोळ्यांपुढून गेली, की त्यांच्यामधील खंड आपल्याला जाणवत नाही आणि चित्रातील माणूस चालत आहे असे वाटते.

मूकपटाच्या काळी एका सेकंदात साधारणपणे अशी १६ चित्रे टिपीत. त्यासाठी कॅमेऱ्यातील एक लहानसा आकडा फिल्मच्या छिद्रात शिरे, ती बरोबर १९ मिलिमीटर खाली ओढी आणि बाहेर निघून येई. मग फिल्म क्षणभर अगदी स्तब्ध राही. त्याच क्षणी भिंगामागची फिरती झडप उघडे, प्रकाश आत येई आणि चित्र उमटे. झडप मिटे, आकडा पुन्हा छिद्रात शिरे आणि पुन्हा तोच क्रम सुरू होई. हे सारे एका सेकंदात १६ वेळा! अर्ध्या तासाच्या चित्रपटासाठी आकड्याला २८,८०० वेळा हे काम न चुकता करावे लागे. कॅमेऱ्याला वीज नसे. चित्रे घेणारा मनुष्य हाताने मूठ फिरवी. सेकंदाला दोन फेरे, हा वेग त्याला तबलजीने ठेका धरावा तसा अखेरपर्यंत धरून ठेवावा लागे.

आता यात चूक झाली तर काय होईल? फिल्मवरील चित्र जेमतेम २५ मिलिमीटर रुंद असते. नाटकगृहातील पडदा ५ मीटर रुंद धरला, तर ते चित्र त्यावर २०० पट मोठे होऊन पडते. चित्राबरोबर चूकही तितकीच मोठी होते. आकड्याने फिल्म एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे एखाद्या जाड केसाच्या रुंदीइतकी, कमी-अधिक ओढली, तर पडद्यावरचे चित्र २ सेंटिमीटरने उडते. मग राजाचा मुकुट थरथरतो, महालाचे खांब नाचू लागतात आणि गंभीर प्रसंगी प्रेक्षक हसू लागतात. दातेरी चाकाचा एखादा दात थोडा झिजला, एखादा आस किंचित वाकला, पेटीच्या फटीतून प्रकाशाचा एक किरण आत आला, तरी सारी मेहनत वाया! रंगविलेल्या पडद्यावरची चूक ब्रशाच्या एका फटकाऱ्याने झाकता येते. यंत्राला अशी तडजोड मान्य नसते.

असे यंत्र घडविण्याची आकांक्षा आनंदराव व बाबूराव यांनी धरली होती. त्यांच्यापाशी यंत्रविद्येची पदवी नव्हती, की मोठा कारखानाही नव्हता. होते ते कारागिराचे हात आणि चित्रकाराची नजर. पडदे रंगविण्याचे काम चालू ठेवून उरलेला वेळ आणि उरलेला पैसा ते या खटपटीत घालीत. अशी तीन वर्षे गेली. काम अपुरे होते. आणि अशातच १९१६ साली आनंदरावांना मृत्यूने गाठले.

बाबूरावांवर हा फार मोठा आघात होता. त्यांचा नुसता भाऊ गेला नव्हता. ज्याच्यासह प्रत्येक पडदा रंगविला आणि ज्याच्यासह कॅमेऱ्याचे स्वप्न पाहिले, तो सोबती गेला होता. त्यांनी हे काम येथेच सोडून दिले असते, तरी कोणी नाव ठेविले नसते. पडदे रंगविण्याच्या धंद्यात त्यांना पैसाही मिळाला असता आणि कीर्तीही मिळाली असती. परंतु अर्धवट राहिलेले यंत्र समोर होते. ते पुरे केल्यावाचून आनंदरावांचे ऋण फिटणार नव्हते.

सुदैवाने बाबूरावांना गुणी शिष्य लाभले होते. त्यांपैकी विष्णुपंत दामले यांना यंत्रांची उपजत जाण होती. गुरू आणि शिष्य पुन्हा कामाला लागले. भाग घडवावा, बसवावा, चालवून पाहावा आणि तो नीट न चालल्यास पुन्हा घडवावा, अशा कामाला धीर लागतो. त्यांनी तो धीर दाखविला. अखेर १९१८ साली त्यांचा कॅमेरा चालू लागला. आनंदरावांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, दोघांनी मिळून पाहिलेले स्वप्न खरे झाले. भारतात घडविलेला पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून त्याचा गौरव केला जातो.

कॅमेरा झाला, पण फिल्म मात्र परदेशातूनच आणावी लागे. तिची घडण तर कॅमेऱ्याहूनही सूक्ष्म असते. पट्टीच्या एका बाजूवर जिलेटिनचा पातळ थर दिलेला असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे असंख्य कण पसरलेले असतात. यांतील एकेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही लहान असतो. भिंगातून आलेला प्रकाश अशा कणावर पडला, की त्याच्या ठायी चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. हा बदल इतका सूक्ष्म, की डोळ्यांना काहीच दिसत नाही. चित्र उमटलेले असते, पण ते सुप्त असते. नंतर अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनात बुडविली, की प्रकाश लागलेले कण काळे होतात. प्रकाश न लागलेले कण दुसऱ्या रसायनात धुऊन काढले, की चित्र कायम होते. प्रकाशाचा स्पर्श ओळखून स्वतःत बदल करणारा हा पदार्थ नीट हाताळणे, हेही त्या काळच्या चित्रपटकाराला शिकावे लागे. रसायन थोडे उष्ण झाले किंवा वेळ थोडा चुकला, तर महिन्याची मेहनत काळवंडून जाई.

यंत्र हाती आले, तरी चित्रपट काढण्यास भांडवल हवे होते. ते देण्यास कोणी धनिक पुढे येईना. अशा वेळी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी आपला पैसा बाबूरावांच्या हाती दिला. या नव्या आणि बेभरवशाच्या धंद्यावर त्यांनी जो विश्वास दाखविला, तो महाराष्ट्राने विसरू नये. या साहाय्याने बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

१९२० साली कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रकाशित झाला. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले असता कीचकाने द्रौपदीला छळले आणि भीमाने त्याचा वध केला, ही महाभारतातील कथा त्यात होती. त्या काळी चित्रपटात काम करणे स्त्रियांना कमीपणाचे समजले जाई आणि पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करीत. ‘सैरंध्री’मध्ये मात्र स्त्रियांनी काम केले. कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत उतरले होते, की ते पाहून काही प्रेक्षक भयभीत झाले. पुढे सरकारने तो भाग गाळण्यास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

बाबूराव प्रत्येक चित्रपटाआधी पात्रांची, पोशाखांची आणि दृश्यांची रेखाचित्रे स्वतः काढीत. नाटकातल्यासारखे रंगविलेले पडदे मागे टांगण्याऐवजी त्यांनी खऱ्याखुऱ्या महालांसारखे भव्य देखावे उभारले. ज्या कलेने त्यांना पेंटर हे नाव दिले होते, तीच त्यांनी येथे बाजूला सारली. कारण कॅमेऱ्याला खोलीचा आभास पुरत नाही, त्याला खरी खोली लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ या चित्रपटात तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाची कथा होती. तोपर्यंत चित्रीकरण सूर्यप्रकाशातच होई. परंतु तानाजीने गड चढला तो रात्री! बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून ही अडचण दूर केली.

दोन वर्षांनी त्यांनी अधिक धाडसाचे पाऊल टाकले. देवादिकांच्या आणि राजेमहाराजांच्या कथा सोडून त्यांनी एका गरीब शेतकऱ्याची कथा निवडली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून काढलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकाराच्या कर्जापायी शेतकऱ्याची जमीन जाते आणि पोटासाठी त्याला शहरात जावे लागते. ही भूमिका त्यांचे तरुण शिष्य शांताराम वणकुद्रे यांनी केली. तेच पुढे व्ही. शांताराम या नावाने प्रसिद्धीस आले. पौराणिक चमत्कारांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाला फारसा आश्रय दिला नाही. परंतु आपल्या आसपासचे दुःखही पडद्यावर दाखविण्यास योग्य आहे, हे बाबूरावांनी सिद्ध केले. आज जाणकार लोक त्यांच्या कृतींत या चित्रपटाला मानाचे स्थान देतात.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक प्रकारची शाळाच होती. पण शिष्य मोठे झाले, की ते आपली वाट शोधतात. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हाताशी धरून शिकविलेली माणसे एकाएकी दूर गेली. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. १९३१ साली बोलपट आले आणि मूकपटांचे युगच संपले. बाबूरावांनी पुढे काही बोलपट काढले. १९३६ साली ‘सावकारी पाश’ ही कथाही त्यांनी बोलपटाच्या रूपाने पुन्हा सादर केली. परंतु पूर्वीचे वैभव परत आले नाही.

याचे दुःख त्यांना झाले नसेल असे नाही. तथापि त्यांचे हात रिकामे राहिले नाहीत. त्यांनी पुन्हा कुंचला उचलला आणि मूर्ती घडविण्याकडेही लक्ष दिले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली बसविलेला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा आहे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे या कलामहर्षींचे निधन झाले.

बाबूरावांच्या पश्चात यंत्रविद्या फार पुढे गेली. आज मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीच काय, पण नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाची मापे हिशेबात घेऊन वस्तू घडविल्या जातात. संगणकाच्या चिप तयार करताना सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने बदलणारा पातळ थर देतात, भिंगांतून त्यावर नकाशा पाडतात आणि नंतर रसायनांनी तो उठावदार करतात. ही रीत पाहिली, की जुन्या फिल्मची आठवण होते. प्रकाश, उष्णता किंवा दाब यांना ओळखून आपले गुणधर्म बदलणारे अनेक नवे पदार्थही शास्त्रज्ञांनी तयार केले आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या नॅनोविज्ञानाचे शिक्षण दिले जाते आणि तेथे संशोधनही चालते. शहराच्या उद्यमनगरातील कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग घडतात. या कामांची साधने निराळी आहेत, मापे निराळी आहेत. परंतु केसाएवढी चूकही चूकच मानून काम पुन्हा करण्याची जी वृत्ती बाबूरावांपाशी होती, तिच्यावाचून यांतील एकही काम होत नाही.

खरी कॉर्नरच्या स्तंभाजवळून रोज शेकडो मुले शाळेला जातात. त्या स्तंभाकडे पाहताना बाबूरावांबरोबर आनंदरावांचेही स्मरण करावे. कारण तो कॅमेरा एकाने सुरू केला नव्हता आणि एकाने पुराही केला नव्हता.